एक्सेल शीटमधील तारखा : अपलोड करण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

उसाच्या लागणीची तारीख ही दिसावयास लहानशी नोंद आहे. परंतु तोडणीचा सारा क्रम तिच्यावर उभा असतो. महाराष्ट्रात उसाची लागण मुख्यत्वे तीन हंगामांत होते. आडसाली ऊस जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पूर्वहंगामी ऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात व सुरू ऊस डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लावला जातो. सुरू उसास तयार होण्यास सुमारे १२ महिने लागतात, तर आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात उभा राहतो. ह्यास्तव साखर कारखान्याचा शेतकी विभाग प्रत्येक प्लॉटची लागण-तारीख नोंदवून घेतो व तीवरून तोडणीचा कार्यक्रम आखतो.

आता असे समजावे की, एका शेतकऱ्याने ८ जानेवारी २०२५ रोजी सुरू उसाची लागण केली व नोंद ०८/०१/२०२५ अशी दिली. नोंद बरोबर आहे, अक्षर सुवाच्य आहे, शेतकऱ्याची सहीही आहे. परंतु ही माहिती एक्सेल शीटमधून मुख्य प्रणालीत अपलोड होताना मधल्या एका संगणकाने ती ‘१ ऑगस्ट २०२५’ अशी वाचली. कागदोपत्री तो ऊस आडसाली झाला. जानेवारी २०२६ मध्ये शेतातील ऊस तोडणीस आला, तरी यादीत त्याची पाळी डिसेंबर २०२६ च्या आधी लागत नाही. शेतकरी चिटबॉयकडे खेपा घालतो व चिटबॉय यादी दाखवितो. यादीत त्या शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, क्षेत्र हे सर्व अचूक असते. चुकलेला असतो तो केवळ दिवस व महिना यांचा क्रम. तेवढ्या चुकीने ऊस उभ्या उभ्या वाळू लागतो, त्याचे वजन व साखरेचा उतारा घटतो आणि पुढील पिकासाठी रान मोकळे होत नाही.

असा दोष कोणाच्या निष्काळजीपणामुळेच होतो असे नाही. संगणक तारीख कशी सांभाळतो, ह्याची माहिती नसल्याने पुष्कळदा तो घडतो. ती माहिती अवघड नाही. गावपातळीवर नोंदी भरणाऱ्या कर्मचाऱ्यांनी, तसेच आपली नोंद स्वतः तपासू इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंनीही ती करून घ्यावी. (ह्या लेखात अंक देवनागरीत छापले आहेत. शीटमध्ये मात्र तारखा इंग्रजी अंकांतच भराव्यात.)

तारीख म्हणजे एक संख्या

वहीत लिहिलेली तारीख म्हणजे कागदावरील शाई होय. ती कोणीही कोठेही उघडून पाहिली तरी तशीच दिसते. एक्सेल शीटमध्ये असे होत नाही. आडवी ओळ व उभा रकाना जेथे मिळतात त्या घरास सेल म्हणतात. सेलमध्ये तारीख टंकून एन्टर दाबताच एक्सेल ती तारीख म्हणून ओळखते आणि तिच्या जागी एक संख्या ठेवते. १ जानेवारी १९०० ह्या दिवसाचा क्रमांक १ धरला असून तेथून पुढे एकेक दिवस मोजीत ही संख्या येते. ह्या हिशेबाने १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८ आणि ८ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६६५. आपणांस डोळ्यांनी दिसते ती तारीख हा त्या संख्येवर चढविलेला केवळ पोशाख आहे. तोच ४५६६५ एका संगणकावर ‘०८-०१-२०२५’, दुसऱ्यावर ‘१/८/२०२५’ व तिसऱ्यावर ‘८ जाने’ असा दिसू शकतो. आत मात्र संख्या एकच राहते.

ही योजना मुळात उपयुक्त आहे. दोन तारखा संख्यारूप असल्या म्हणजे त्यांची वजाबाकी करता येते व पिकाचे वय चटकन काढता येते. एका तारखेत १२० मिळविले की १२० दिवसांनंतरची तारीख मिळते. महिना ३० दिवसांचा की ३१ चा, हे पाहत बसावे लागत नाही.

ह्या मोजणीत एक जुनी चूकही मुरलेली आहे. इ. स. १९०० हे लीप वर्ष नव्हते, तरी एक्सेल त्या वर्षी २९ फेब्रुवारी हा दिवस मोजते. एक्सेलपूर्वी प्रचारात असलेल्या लोटस १-२-३ ह्या कार्यक्रमात ती चूक होती व त्याच्या फायली तंतोतंत जुळाव्यात म्हणून ती तशीच पुढे चालविण्यात आली. आजच्या नोंदींस तिचा उपद्रव नाही. तथापि, १९०० सालापूर्वीची तारीख एक्सेल तारीख म्हणून ओळखतच नाही, हे जुन्या फेरफारांच्या नोंदी टंकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. अशी तारीख सेलमध्ये साधा मजकूर म्हणून राहते. काही फायलींत, विशेषतः जुन्या मॅकिन्टॉश संगणकांवर तयार झालेल्या फायलींत, मोजणी १९०४ पासून सुरू होते. दोन मोजणींत १,४६२ दिवसांचे अंतर आहे. म्हणून एखाद्या शीटमधील तारखा दुसरीकडे नेल्यावर नेमक्या चार वर्षे व एक दिवसाने सरकलेल्या आढळल्या, तर कारण तेथे शोधावे.

दिवस व महिना यांची अदलाबदल

आपल्याकडे प्रथम दिवस, नंतर महिना व शेवटी वर्ष लिहिण्याची रीत आहे. अमेरिकेत प्रथम महिना लिहितात. टंकलेली किंवा फाईलमधून आलेली तारीख कोणत्या रीतीने वाचावयाची, हे एक्सेल संगणकाच्या ‘रीजन’ ह्या मांडणीवरून ठरविते. नवा संगणक कित्येकदा अमेरिकी मांडणीवरच सुरू केलेला असतो व ती बदलण्याचे कोणाच्या ध्यानी येत नाही.

अशा संगणकावर २०/०१/२०२५ ही तारीख आली तर विसावा महिना नसल्याने एक्सेल ती ओळखत नाही व जशीच्या तशी मजकूर म्हणून ठेवते. परंतु ०८/०१/२०२५ ही तारीख मात्र ते बिनदिक्कत आठव्या महिन्याची पहिली तारीख म्हणून स्वीकारते. परिणामी एकाच रकान्यात दोन जातींचा माल मिसळतो : काही सेलमध्ये संख्या आणि काहींमध्ये मजकूर. पुढे ही फाईल मुख्य प्रणालीत अपलोड केली असता प्रणाली मजकुराच्या ओळी नाकारते व त्रुटी म्हणून परत पाठविते. कर्मचारी त्या ओळी दुरुस्त करतो आणि काम पुरे झाले असे मानतो. वास्तविक नाकारलेल्या ओळींनी नुकसान होत नाही, कारण त्या कोणाच्या तरी नजरेस पडतात. नुकसान होते ते स्वीकारलेल्या ओळींनी.

हा धोका किती मोठा आहे, ते साध्या हिशेबावरून कळेल. दर महिन्याचे पहिले १२ दिवस असे आहेत की, त्यांचा आकडा महिन्याचा आकडा म्हणूनही खपू शकतो. वर्षात असे १४४ दिवस होतात. त्यांपैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा १२ दिवसांत दिवस व महिना सारखेच असल्याने अदलाबदल होऊनही बिघडत नाही. उरलेल्या १३२ दिवसांची तारीख उलटू शकते व उलटल्यावरही ती एक खरी तारीखच दिसते. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १३२, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक.

पशुसंवर्धनाच्या नोंदींतही हाच प्रकार घडतो. गाईस ५ ऑगस्ट रोजी कृत्रिम रेतन केले व नोंद ८ मे अशी उलटली, तर विण्याची अपेक्षित तारीख जवळजवळ तीन महिने अलीकडे येते. गाय व्यावयाच्या सुमारे दोन महिने आधी आटवावयाची असते. उलटलेल्या नोंदीवर विसंबले, तर ऐन दुधाच्या दिवसांत ती आटविली जाईल.

रकाना तपासण्याच्या सोप्या खुणा

एक्सेलमध्ये काही विशेष मांडणी केलेली नसल्यास संख्या सेलच्या उजव्या कडेस व मजकूर डाव्या कडेस चिकटतो. म्हणून तारखांचा रकाना थोडा रुंद करून पाहावा. काही तारखा उजवीकडे व काही डावीकडे दिसल्या, की रकान्यात मिसळ झाली आहे असे समजावे. दुसरी खूण याहून पक्की आहे. उजवीकडील तारखांत महिन्यातील १२ तारखेनंतरचा दिवस एकही नाही आणि डावीकडील सर्व तारखा १३ ते ३१ ह्या दिवसांच्या आहेत, असे आढळल्यास उजवीकडच्या तारखा उलटल्या आहेत ह्यात शंका ठेवू नये.

शेकडो ओळींची शीट असल्यास डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. ‘काउंट’ हे सूत्र रकान्यातील केवळ संख्या मोजते व ‘काउंटए’ हे सूत्र भरलेले सर्व सेल मोजते. मथळ्याची ओळ वगळून दोन्ही सूत्रे लावावीत. उत्तरे जुळली नाहीत तर फरकाइतक्या नोंदी मजकूररूप आहेत. ‘मिन’ व ‘मॅक्स’ ह्या सूत्रांनी सर्वांत जुनी व सर्वांत नवी तारीखही काढून पाहावी. सुरू हंगामाच्या यादीत सर्वांत नवी तारीख डिसेंबरची निघाली आणि तो डिसेंबर अजून उजाडलाच नसला, तर अधिक पुरावा नको.

८.१.२०२५ असे टिंब देऊन तारीख लिहिण्याची आपल्याकडे फार सवय आहे. अशी तारीख एक्सेल सहसा मजकूरच समजते. त्याचप्रमाणे वर्ष नेहमी चार आकडी लिहावे.

तारीख मजकुरात कशी बदलावी

अपलोडसाठी तारीख मजकूररूप करून देणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे, कारण मजकूर कोणत्याही संगणकाच्या रीजन मांडणीप्रमाणे आपला पोशाख बदलीत नाही. परंतु येथेच बहुतेकांची एक चूक होते. तारखांचा भरलेला रकाना निवडून त्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ असे केले जाते. तसे करताच सर्व तारखा नाहीशा होऊन त्यांच्या जागी ४५६६५, ४५६७२ असे पाच आकडी अंक दिसू लागतात. माहिती बिघडली असे वाटून कित्येकजण घाबरून जातात व सर्व तारखा पुन्हा टंकतात. वास्तविक काहीही बिघडलेले नसते. पोशाख उतरला आणि आतील संख्या उघडी पडली, एवढेच झालेले असते. स्वरूप पुन्हा ‘डेट’ असे केल्यास तारखा परत दिसतात. स्वरूप बदलल्याने संख्येचा मजकूर होत नाही. त्यासाठी सूत्रच वापरावे लागते.

प्रथम संगणकाची रीजन मांडणी ‘इंग्लिश (इंडिया)’ अशी असल्याची खात्री करावी व वर सांगितल्याप्रमाणे रकाना तपासून घ्यावा. नंतर तारखांच्या शेजारी एक रिकामा रकाना घालून त्यात ‘टेक्स्ट’ हे सूत्र लिहावे. सूत्राच्या कंसात दोन गोष्टी द्यावयाच्या असतात : पहिली, तारखेच्या सेलचा पत्ता, दुसरी, दुहेरी अवतरणचिन्हांत हवी ती मांडणी. मांडणी इंग्रजी अक्षरांत लिहावी : वाय हे अक्षर चार वेळा, आडवी रेघ, एम दोन वेळा, आडवी रेघ, डी दोन वेळा. उत्तर २०२५-०१-०८ असे येईल. सूत्र शेवटच्या ओळीपर्यंत ओढावे.

प्रथम वर्ष, मग महिना व शेवटी दिवस ही मांडणी आयएसओ ८६०१ ह्या आंतरराष्ट्रीय मानकाची आहे. ते मानक १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. तिच्यात दिवस व महिना यांविषयी गोंधळ उरत नाही. शिवाय ती मजकूररूप असूनही क्रमवार लावली असता तारखा आपोआप कालक्रमाने लागतात. तथापि, ज्या प्रणालीत माहिती भरावयाची तिच्या नमुना-शीटमध्ये दुसरी मांडणी मागितली असेल, तर तीच द्यावी. दिवस प्रथम हवा असल्यास सूत्रातील अक्षरांचा क्रम बदलला की काम होते.

सूत्र लावताना रिकाम्या सेलकडे लक्ष असावे. लागण-तारीख भरलेलीच नसेल, तर हे सूत्र त्या जागी १९००-०१-०० असे विचित्र उत्तर देते. अशा ओळी आधीच वेगळ्या काढून नोंदवहीवरून पूर्ण कराव्यात.

सूत्राचा रकाना जसाच्या तसा अपलोड करू नये, कारण सूत्र मूळ रकान्यावर अवलंबून असते व मूळ रकाना काढून टाकताच ते मोडते. आणखी एक रिकामा रकाना घेऊन तो भरण्यापूर्वी त्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करावे. मग सूत्राच्या रकान्याची नक्कल करून ‘पेस्ट स्पेशल’ मधील ‘व्हॅल्यूज’ हा पर्याय निवडून ती येथे चिकटवावी. रकान्यास आधीच टेक्स्ट स्वरूप दिलेले असल्याने पुढे कोणी सेल उघडून एन्टर दाबला, तरी मजकुराची पुन्हा तारीख होत नाही.

हे सर्व मूळ फाईलच्या प्रतीवर करावे. मूळ शीटमधील तारखा संख्यारूपच राहू द्याव्यात. मजकूररूप तारीख पाठविण्यास चांगली. पिकाचे वय काढण्यास मूळ संख्याच सोयीची.

सीएसव्ही फाईल

पुष्कळ प्रणाली एक्सेलची फाईल न घेता सीएसव्ही फाईल मागतात. ह्या फाईलमध्ये स्वल्पविरामांनी तोडलेला निव्वळ मजकूर असतो. स्वरूप, सूत्र, रंग यांपैकी काहीही नसते. एक्सेल सीएसव्ही लिहिताना सेलमध्ये जे दिसते तेच लिहिते. शेतकऱ्यांची नावे मराठीत असल्यास फाईल साठविताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा. साध्या प्रकारात देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात.

फाईल तयार झाल्यावर ती नीट झाली की नाही हे पाहण्यासाठी तिच्यावर दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडण्याचा मोह होतो. तो टाळावा. एवढे श्रम घेऊन मजकूर केलेल्या तारखा एक्सेल उघडतानाच पुन्हा संख्या करून ठेवते व ती फाईल साठविली की त्या संगणकाच्या मांडणीप्रमाणे लिहिते. सीएसव्ही पाहावयाची ती नोटपॅडमध्ये. तेथे दिसते तेच खरे.

बाहेरून आलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये घ्यावयाची असल्यास ‘डेटा’ ह्या सदरातून ‘फ्रॉम टेक्स्ट’ ह्या मार्गाने आत आणावी व तारखेच्या रकान्याचा प्रकार तेथेच ‘टेक्स्ट’ म्हणून सांगावा. आधी मजकूररूपाने आलेला रकाना नंतर खऱ्या तारखांत बदलावयाचा असेल, तर ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ च्या तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ व त्यापुढे ‘डीएमवाय’ निवडावे. डीएमवाय म्हणजे दिवस, महिना, वर्ष. टिंबे दिलेल्या किंवा मिसळ झालेल्या नोंदींसाठीही हा उपाय कामी येतो, मात्र त्या वेळी रकान्यातील सर्व नोंदी मजकूररूप असल्या पाहिजेत. जी तारीख आधीच उलटून संख्या झाली आहे, तिला डीएमवाय सांगून ती सुलटी होत नाही.

उलटलेल्या तारखा सूत्राने पुन्हा उलटविता येतील, असे कोणी सुचवितात. सर्व नोंदी एकाच फाईलमधून एकाच वेळी आल्या असतील तर ते साधेलही. परंतु त्याच रकान्यात काही तारखा नंतर हाताने टंकलेल्या असतील, तर १ ऑगस्ट ही उलटलेली ८ जानेवारी की खरोखरीच १ ऑगस्ट, हे शीट पाहून सांगता येत नाही. अशा वेळी मूळ सीएसव्ही फाईल पुन्हा रीतसर आत घ्यावी आणि ती नसेल तर नोंदवही उघडावी. ह्याकरिता अपलोड झाल्यानंतरही मूळ फाईल व सही असलेली नोंदवही हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी. शेतकऱ्यांनीही लागणीची नोंद दिल्यावर मिळणाऱ्या पावतीवर महिना अक्षरांत लिहून घेतल्यास, जसे ‘८ जानेवारी २०२५’, वाद उद्भवल्यास तो पुरावा निर्विवाद ठरतो.

सातबारा व गट नंबर

तारीख नसलेल्या गोष्टींसही एक्सेल तारीख समजते, हा ह्याच दुखण्याचा दुसरा प्रकार आहे. सेलमध्ये ७/१२ असे टंकून एन्टर दाबताच सातबाऱ्याचा ‘७ डिसेंबर’ होतो व चालू वर्षही त्यास गुपचूप जोडले जाते. गट नंबर १२ चा पोटहिस्सा ३ म्हणून १२/३ लिहिले, की १२ मार्च होते. गट नंबर २५/१४ मात्र तसाच राहतो, कारण अशी तारीख असू शकत नाही. म्हणजे एकाच गावाच्या यादीत काही गट शाबूत व काही तारखा, अशी स्थिती होते. केवळ तलाठी सज्जातच असे घडते असे नाही. मानवी जनुकांच्या ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा संक्षिप्त नावांच्या एक्सेलमध्ये सर्रास तारखा होऊ लागल्या, तेव्हा नामकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये अशी नावेच बदलून टाकली. गट नंबर काही बदलता येत नाहीत.

येथे टेक्स्टच्या सूत्रावरही पूर्णपणे विसंबता येत नाही, कारण आत आता १२/३ नसून २०२५ मधील १२ मार्चची ४५७२८ ही संख्या बसलेली असते. म्हणून गट नंबरचा रकाना टंकण्यास आरंभ करण्यापूर्वीच निवडून त्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करावे. एखादाच नंबर भरावयाचा असल्यास त्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह टंकावे. ते सेलमध्ये दिसत नाही व छापलेही जात नाही, परंतु पुढील अक्षरे मजकूर म्हणून राहतात. बँक खात्याच्या क्रमांकासही हाच नियम लावावा. एक्सेल संख्येचे केवळ १५ अंक अचूक ठेवते. त्याहून लांब खाते क्रमांक संख्या म्हणून टंकल्यास पंधराव्यानंतरचे अंक शून्य होतात, आरंभीची शून्ये तर तत्काळ गळतात, आणि फाईल साठवून बंद केल्यावर ते अंक परत मिळविण्यास शेतकऱ्याच्या पासबुकाखेरीज दुसरे साधन राहत नाही.